वाचक विचारतात : मेल्यावर शेत कोण नांगरणार?

मागच्या अंकात इजिप्तच्या ममींवर एक छोटं टिपण आलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि पिरॅमिड परग्रहवाल्यांनी बांधले का असं विचारणारे बाजूला ठेवलेत, राग मानू नका.

प्रश्न : इजिप्तमधे सगळ्याच माणसांची ममी करायचे का? की हे फक्त राजाराण्यांचं कौतुक?

उत्तर : सगळ्यांची कुठली! खर्चाचं काम होतं ते. हेरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्त फिरून आला, तो लिहितो की ममी करणारे लोक नातेवाइकांपुढे लाकडी नमुने मांडायचे आणि विचारायचे, कुठल्या दर्जाचं करायचं, भारी, मधलं की स्वस्तातलं. भारी म्हणजे पोट कापून अवयव बाहेर काढायचे, मधलं म्हणजे पोटात तेल सोडून आतलं सगळं विरघळवायचं, आणि स्वस्तातलं म्हणजे पोट नुसतं साफ करून देह खारात ठेवून द्यायचा. पेटीचा खर्च वेगळाच. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं देर अल-मदीना म्हणून एक गाव होतं, तिथे खापरांवर लिहिलेले हिशोब ढिगाने सापडलेत, त्यावरून साध्या लाकडी शवपेटीला २० ते ४० देबेन तांबं पडायचं (एक देबेन म्हणजे ९१ ग्रॅमच्या आसपास) आणि कारागिराला महिन्याला जे धान्य मिळायचं त्याची किंमत साधारण ११ देबेन. म्हणजे दोन-तीन महिन्यांचा पगार नुसत्या पेटीत गेला, आणि हे लोक तर खाऊनपिऊन सुखी होते, शेतमजुराचं काय घेऊन बसलात. त्याच्या नशिबी वाळूतला खड्डा.

आता गंमत अशी की तो वाळूतला खड्डाच भारी ठरला. ब्रिटिश म्युझियममधे गेबेलीन गावच्या एका तरुणाचा देह आहे, इ.स.पू. ३४०० च्या सुमाराचा, गुडघे पोटाशी घेऊन तसाच वाळूत पुरलेला, त्याला कुणी काही लावलेलं नाही की गुंडाळून ममी केलेलं नाही, पण तापलेल्या कोरड्या वाळूने अंगातलं पाणी ओढून घेतलं आणि कातडी, केस सगळं टिकलं. २०१२ साली सीटी स्कॅनचा अभ्यास झाला तर पाठीत खांद्याच्या हाडाखाली भोसकून मारलेला निघाला, आणि २०१८ मधे त्याच्या दंडावर गोंदलेला रानबैल आणि मेंढा दिसला. पुढे पैसेवाले लोक पेटीत आणि विटांच्या खोल्यांत पुरायला लागले, वाळूचा स्पर्श तुटला आणि देह सडायला लागले. मग वाळू जे फुकटात करत होती तेच माणसांना हाताने करायची वेळ आली.

प्रश्न : मेंदू नाकातून काढायचे हे खरं आहे का? ऐकून अंगावर काटा आला. आणि मेंदू फेकून द्यायचे तर मग हृदय का ठेवायचे?

उत्तर : खरं आहे, निदान नव्या राज्याच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. १५५० नंतर, हे सर्रास दिसतं. नाकातून वाकडी सळई घालून आतलं हाड फोडायचं, मेंदू बाहेर काढायचा आणि कवटीत बऱ्याचदा गरम राळ ओतायची. मेंदूला त्यांच्या लेखी किंमतच नव्हती, कारण विचार, आठवणी, स्वभाव, बरं-वाईट सगळं हृदयात असतं असा त्यांचा ठाम विश्वास. म्हणून हृदय जागच्या जागी, आणि फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी डाव्या कुशीला चीर देऊन बाहेर. या चार अवयवांना चार बरण्या आणि चार राखणदार, होरस देवाचे मुलगे. यकृताला माणसाच्या तोंडाचा इम्सेती, फुप्फुसांना बबून माकडाच्या तोंडाचा हापी, जठराला कोल्ह्याच्या तोंडाचा दुआमुतेफ आणि आतड्यांना ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ.

मग देह नेट्रॉनमधे. हा वादी नत्रून भागात तळ्यांच्या काठी मिळणारा खार, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ यांचं नैसर्गिक मिश्रण. बऱ्याच पुस्तकांत 'नेट्रॉनच्या पाण्यात बुडवायचे' असं वाचायला मिळतं, ते सोडून द्या, कोरडाच खार भरायचे आणि वरून कोरड्याच खारात गाडून ठेवायचे, साधारण ४० दिवस. पुढे तेलं, राळ आणि मग कापडाच्या पट्ट्या, असे सगळे मिळून ७० दिवस. पट्ट्या म्हणजे काही खास विणलेलं कापड असायचं असंही नाही, घरातल्या जुन्या चादरी आणि कपडे फाडूनही करायचे. राळ मात्र लांबून यायची. सक्कारा इथल्या ममीच्या कारखान्यात सापडलेली मडकी तपासून २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डामर (रस्त्यावरचं नव्हे, झाडाची राळ) आणि एलेमी या राळी निघाल्या, म्हणजे आग्नेय आशियाच्या जंगलापर्यंतचा व्यापार!

आणि ममी करणारे हे लोक कारागीर होते, त्यामुळे प्रत्येकाच्या हाताची तऱ्हा वेगळी. दुसऱ्या रामसेस राजाचं गरुडासारखं नाक पट्ट्यांच्या दाबाने चपटं होऊ नये म्हणून नाकपुड्यांत काळे मिरे भरलेले सापडले. चौथ्या रामसेसच्या डोळ्यांच्या जागी चक्क छोटे कांदे. आणि हेनुत्तावी राणीचे गाल भरीव दिसावेत म्हणून आत इतकं ठासलं की नंतर चेहराच फुटला. मला विचाराल तर सगळ्या ममींमधे हीच बाई सगळ्यात जिवंत वाटते.

प्रश्न : मी नववीत आहे. मेलेल्या माणसासाठी थडग्यात जेवण ठेवायचे, पण ते संपल्यावर काय?

उत्तर : शाब्बास, हाच प्रश्न त्यांनाही पडला होता आणि त्यावर त्यांनी डोकं भरपूर चालवलंय. आधी एवढं लक्षात घे की त्यांच्या मते माणूस म्हणजे एक आत्मा नाही. 'का' म्हणजे जीवनशक्ती, तिला भूक लागते. 'बा' म्हणजे माणसाच्या तोंडाचा पक्षी, तो दिवसा बाहेर फिरतो आणि रात्री देहाकडे परत येतो, म्हणून तर देह टिकायला पाहिजे, नाहीतर येणार कुठे? शिवाय नाव आणि सावली हेही माणसाचेच भाग. पुरायच्या आधी पुरोहित ममीच्या तोंडाला अवजार लावून 'तोंड उघडण्याचा' विधी करायचे, म्हणजे तिकडे खाता-पिता-बोलता येईल.

जेवणाची पहिली सोय म्हणजे खरं अन्न. तूतनखामून राजाच्या थडग्यात मांसाच्या ४८ पेट्या होत्या आणि दारूच्या सुरयांवर कुठल्या मळ्यातली, कितव्या वर्षाची ते लिहिलेलं होतं. दुसरी सोय, रोज नैवेद्य आणणारा पुरोहित, त्याच्यासाठी जमीन लावून द्यायची. पण पुरोहितावर तरी किती भरवसा ठेवणार? अस्यूतचा जेफाईहापी नावाचा सुभेदार होता, इ.स.पू. १९०० च्या सुमाराचा, त्याने स्थानिक पुरोहितांशी रीतसर दहा करार केले आणि थडग्याच्या भिंतीवर कोरून ठेवले, अमुक सणाला अमुक भाकरी, अमुक रात्री दिव्याच्या वाती, आणि त्यात ही मालमत्ता माझी वडिलोपार्जित आणि ही सुभेदार म्हणून हातात असलेली असा फरकसुद्धा स्पष्ट केलाय. मेल्यानंतर वाद नको.

तिसरी सोय भिंतीवरची चित्रं, काढलेली भाकरी तिकडे खरी होते. आणि काहीच नाही राहिलं तर चौथी, मला सगळ्यात आवडते ती. बाहेरच्या दगडावर येणाऱ्या-जाणाऱ्याला विनंती कोरलेली असायची की बाबा रे, तुझ्या हातात काही नसलं तरी नुसतं तोंडाने म्हण, हजार भाकरी, हजार सुरया बिअर, हजार बैल, हजार पक्षी या माणसाच्या 'का'साठी. बोललं की मिळालं. फुकटात, फक्त श्वास खर्ची पडणार.

प्रश्न : हृदय तोलायची कथा वाचली. मग पापी माणसाने काय करायचं? काही सुटका?

उत्तर : सुटका होती की, आणि ती विकत मिळायची! आधी कथा थोडक्यात, ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी. ओसायरिस या मृतांच्या देवाच्या दरबारात तराजू असतो, एका पारड्यात मेलेल्याचं हृदय, दुसऱ्यात मात या सत्याच्या देवीचं पीस. ममींचा देव अनुबिस काटा बघतो, लेखनाचा देव थोथ नोंद करतो, आणि बाजूला अम्मित बसलेली असते, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड भरलं की ती ते गिळते आणि माणूस संपला, कायमचा. नरकात हाल नाहीत की दुसरा जन्म नाही, नुसतं नसणं. त्यांना याचीच जास्त धास्ती होती असं दिसतं.

दरबारात ४२ देव बसलेले, आणि त्यांच्यापुढे मी हे केलं नाही ते केलं नाही असं म्हणत जायचं. मी चोरी केली नाही, खून केला नाही, तराजूत खोट केली नाही, लेकराच्या तोंडचं दूध हिरावलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही, चोरून कुणाचं बोलणं ऐकलं नाही. पाणी अडवणं पापात मोजलंय यावरून नाईलच्या काठचा शेतकरी डोळ्यापुढे येतो.

आता सुटका. भीती काय, तर तोंड खोटं बोलेल पण हृदय खरं सांगून टाकेल. म्हणून हिरव्या दगडाचा शेणकिडा करून ममीच्या छातीवर ठेवायचे आणि त्याच्या पोटावर मंत्र कोरायचे, आशय असा की अरे माझ्या हृदया, माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहू नकोस, तराजूवाल्यासमोर माझ्यावर उलटू नकोस. म्हणजे साक्षीदारालाच गप्प केला. आणि हे सगळे मंत्र एकत्र असलेली गुंडाळी, ज्याला आपण मृतांचं पुस्तक म्हणतो, ती रेडीमेडही मिळायची, नावाची जागा मोकळी ठेवलेली. सगळ्यात प्रसिद्ध असलेली आनी नावाच्या लेखनिकाची गुंडाळी, तेवीस मीटरच्या वर लांब, तिच्यातही बऱ्याच भागांत नाव मागाहून दुसऱ्या हाताने भरलेलं दिसतं.

आणि चित्रांत निकाल काय लागतो? या पुस्तकांत काटा समतोलच असतो, अम्मित बिचारी उपाशीच. पैसे देऊन स्वतःच्या हरण्याचं चित्र कोण काढून घेणार! तरी हे सगळं ढोंग होतं असं मला वाटत नाही. न्याय होणार यावर त्यांचा विश्वास होता आणि न्यायातून वाट काढता येते यावरही होता, दोन्ही एकाच माणसाच्या मनात, एकाच वेळी.

प्रश्न : राजाबरोबर नोकरांना जिवंत पुरायचे असं एका व्हिडिओत पाहिलं. खरं का?

उत्तर : पिरॅमिडच्या काळात नाही. पण त्याच्याही आधी, पहिल्या राजघराण्यात, इ.स.पू. ३००० च्या सुमाराला, हो, असं काहीतरी झालेलं दिसतं. अबायडॉस इथे जेर राजाच्या थडग्याभोवती ३०० हून जास्त छोट्या कबरी आहेत, दरबारी आणि नोकरमाणसांच्या, आणि निदान काहींना तरी राजाबरोबर जाण्यासाठी मारलं असावं असं बरेच संशोधक मानतात. जिवंत गाडल्याचा पुरावा मात्र नाही, व्हिडिओवाल्यांना तेवढं मीठमसाला लावावंच लागतं. पहिलं घराणं संपता संपता ही चाल बंदच पडली.

नोकराची गरज मात्र संपली नाही, कारण त्यांचा स्वर्ग म्हणजे इआरूचं शेत, लव्हाळ्यांचं. गहू माणसापेक्षा उंच, पाणी भरपूर, दुष्काळ नाही, पण शेत ते शेतच, नांगरायला लागणार, पाट काढायला लागणार. आयुष्यभर लेखणी धरलेल्या साहेबाला हे कसं जमायचं? म्हणून शाब्ती, हातभर किंवा वीतभर बाहुल्या, हातात कुदळ, पाठीवर पिशवी, अंगावर मंत्र, की माझ्या धन्याला कामाला बोलावलं तर तू म्हणायचं, मी आहे, मी करतो. सुरुवातीला एखाददुसरी असायची. नंतर वर्षाच्या दिवसाला एक म्हणजे ३६५, आणि दर दहा जणांवर एक मुकादम म्हणजे आणखी ३६, एकूण ४०१. मुकादमाच्या हातात चाबूक! तूतनखामूनकडे ४१३ होत्या. ब्रिटिश म्युझियममधे तर एक पावतीच आहे, शाब्ती करणारा कारागीर लिहून देतो की ४०१ नगांची चांदी मला पोचली, आणि पुढे बाहुल्यांनाच बजावतो की जा आता, पैसे मिळालेत, कामाला लागा. मेलेल्याने उद्या 'फुकट राबवलं' असा ठपका घेऊन उभं राहायला नको म्हणून ही खबरदारी. स्वर्गातसुद्धा मजुरी आगाऊ.

प्रश्न : मांजरांच्या ममी का करायचे? लाडकी होती म्हणून?

उत्तर : काही लाडाच्या, पण बहुतेक नवसाच्या. मांजराच्या तोंडाच्या बास्तेत देवीला मांजराची ममी वाहायची, मंदिराजवळ विकत मिळायची, आणि त्यासाठी मांजरं पाळून पिल्लांच्या माना मोडायचे, एक्स-रेत ते दिसतं. मँचेस्टर विद्यापीठाने ८०० हून जास्त प्राण्यांच्या ममी स्कॅन केल्या, २०१५ साली निष्कर्ष आला, साधारण एक तृतीयांश ममींत प्राण्याचं काहीच नाही, नुसता चिखल, काड्या, चिंध्या. फसवणूक म्हणा नाहीतर देवीला भाव पुरतो म्हणा. आणि १८९० मधे अशा मांजरांच्या ममी, १,८०,००० च्या घरात, जहाजाने लिव्हरपूलला गेल्या आणि दळून शेतात खत म्हणून टाकल्या. यावर काय बोलणार.

प्रश्न : त्यांना मेलेल्यांची भीती वाटायची का? भुतंखेतं वगैरे?

उत्तर : वाटायची, पण घरच्या माणसाची वाटते तशी. मेलेला माणूस तिकडे गेला तरी कुटुंबातून गेला नव्हता, मदत करू शकायचा आणि त्रासही देऊ शकायचा. म्हणून लोक मेलेल्यांना पत्रं लिहायचे. बऱ्याचदा नैवेद्याच्या वाडग्यातच आतून लिहायचे, म्हणजे जेवता जेवता वाचणं होईलच.

लायडनच्या म्युझियममधे एका विधुराचं पत्र आहे, इ.स.पू. तेराव्या शतकातलं, बायकोच्या छोट्या मूर्तीला बांधलेलं. बायकोचं नाव आंखिरी. तो अक्षरशः भांडतोय. मी तुझं काय वाईट केलं म्हणून माझी ही दशा केलीस? तरुणपणी लग्न केलं, मोठमोठ्या हुद्द्यांवर चढलो तरी तुला टाकलं नाही, तू आजारी पडलीस तर मोठा वैद्य आणला, तू गेलीस तेव्हा दारासमोर सगळ्या लोकांबरोबर रडलो, तुला गुंडाळायला चांगलं कापड दिलं, आणि आता तीन वर्षं एकटा राहतोय, दुसरं घर केलं नाही. पश्चिमेच्या म्हणजे परलोकाच्या देवांपुढे तुझ्यावर फिर्याद करीन अशी धमकीही देतो. आणि जाता जाता घरातल्या इतर बायांकडे मी गेलेलो नाही हेही सांगतो, जे बहुधा कुणी विचारलंही नव्हतं. नंतर त्याचं काही बरं झालं का, ते पत्रात अर्थातच नाही.

प्रश्न : यात कुणालाच शंका आली नाही? हजारो वर्षं सगळे डोळे मिटून मानत होते?

उत्तर : शंका आली, आणि ती थडग्यातच गायली जायची! मेजवानीत वीणा वाजवणाऱ्याची गाणी असत. त्यातलं एक इंतेफ राजाच्या थडग्यातलं म्हणून सांगितलं जातं, त्याचा मथितार्थ असा की तिकडून कुणी परत येऊन सांगितलेलं नाही त्यांचं कसं चाललंय ते, इम्होतेपसारख्या शहाण्यांची थडगीसुद्धा ढासळली, कुणी आपलं सामान बरोबर नेलं नाही, तेव्हा डोक्याला अत्तर लाव, चांगलं कापड नेस आणि आजचा दिवस मजेत घालव. पुढे थीब्ज शहरातल्या नेफरहोतेप नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात दुसरं गाणं कोरलंय, ते थेट उत्तर देतं की जुन्या थडग्यांतली ती गाणी मी ऐकलीत, ती परलोकाला कमी का लेखतात? तिथे भांडण नाही, भीती नाही, सगळे पूर्वज तिथेच आहेत. म्हणजे वाद चालू होता, आणि दोन्ही बाजू भिंतीवर.

प्रश्न : थडगी लुटणारे लोकही इजिप्तचेच ना? मग त्यांना परलोकाची भीती नव्हती?

उत्तर : शंका फक्त गाण्यात होती असं नाही हे इथे कळतं. नवव्या रामसेसच्या काळात, इ.स.पू. १११० च्या सुमाराला, थीब्जच्या थडगेचोरांवर खटले चालले, त्याचे कागद शिल्लक आहेत. आमेनपानुफेर नावाचा दगडफोड्या कबुली देतो की आम्ही टोळीने सोबेकेमसाफ राजाच्या थडग्यात बोगदा पाडला, राजा-राणी दोघांच्या अंगावरचं सोनं काढलं, पेट्यांना आग लावली. आग! देह जळला म्हणजे 'बा'ला परत यायला जागा नाही, राजाचा परलोकच संपला, आणि हे त्या दगडफोड्याला पक्कं माहीत होतं. पुढचं तर भारीच आहे, हा पकडला गेला, आपल्या वाट्याचं सोनं एका लेखनिकाला चारलं, सुटला, टोळीकडे परत आला आणि बाकीच्यांनी त्याचा हिस्सा भरून दिला, मग पुन्हा धंदा सुरू.

पण चोर एकटेच नव्हते. एकविसाव्या घराण्याच्या काळात पुरोहितांनीच राजांच्या ममी थडग्यांतून काढल्या, सोनं उतरवून घेतलं, मग आदराने नव्या पट्ट्या गुंडाळून नावं लिहून देर अल-बहरीच्या कड्यातल्या एका विवरात एकत्र लपवून ठेवल्या. राज्याला सोनं हवं होतं आणि राजांचे देहही सुरक्षित हवे होते, दोन्ही साधलं. तो साठा १८८१ साली सरकारच्या हाती लागला, त्याआधी काही वर्षं अब्द अल-रसूल घराण्यातले भाऊ त्यातल्या वस्तू गुपचूप विकत होते. पन्नासच्या वर देह निघाले, त्यात तिसरा थुतमोस, पहिला सेती, दुसरा रामसेस. बोट नाईलवरून कैरोकडे निघाली तेव्हा काठावरच्या गावांतल्या बाया केस मोकळे सोडून आक्रोश करत होत्या आणि पुरुष हवेत बंदुका उडवत होते, मयताला करतात तसं.

प्रश्न : तूतनखामूनच्या शापाबद्दल काहीच नाही?

उत्तर : हाच प्रश्न सगळ्यात जास्त आला, म्हणून शेवटी ठेवला. थडगं उघडणाऱ्याला मरण येतं असा म्हणे शाप, पण त्याच्या थडग्यात शाप कोरलेलाच नाही. जुन्या काळच्या काही खाजगी थडग्यांत धमक्या आहेत, पाण्यात मगर आणि जमिनीवर साप तुझ्यामागे लागेल, वगैरे. थडगं सापडलं नोव्हेंबर १९२२ मधे, खोदकामाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ ला कैरोत गेले, डास चावला होता तिथे दाढी करताना कापलं, रक्तात विष पसरलं, वर न्यूमोनिया, आणि पेपरवाल्यांना वर्षभराची सोय झाली. २००२ साली एका ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमधे आत गेलेल्या पाश्चात्यांच्या आयुष्याचा हिशोब मांडला गेला, शापाचा काही पुरावा निघाला नाही. लॉर्डसाहेबांची मुलगी एव्हलिन अगदी सुरुवातीलाच आत गेली होती, ती १९८० पर्यंत जगली. आणि ज्याने राजाला पेट्यांतून बाहेर काढलं तो हॉवर्ड कार्टर, शाप लागायचाच तर पहिला त्याला लागायला हवा होता, तो १९३९ मधे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी लंडनमधे आजारपणाने गेला.